हिरवी पेटी

कदिरेसननं वॉर्डनच्या खोलीतल्या कंट्रोल पेटीचं झाकण उघडलं आणि काही न मोजता, काही न तपासता आतल्या बॅटरीची लाल तार उपटून काढली. भिंतीपलीकडे दारावरचं चुंबकी कुलूप टक् करून सुटलं. लोखंडी दार बोटभर पुढे आलं आणि थांबलं.

"ढकला," तो आतल्या खिडकीच्या गजांतून ओरडला. "उघडलंय. ढकला."

कुणी ढकललं नाही. सव्वा तास ज्या दारानं दाद दिली नव्हती ते आता सुटलंय, यावर आतल्या मुलींचा विश्वास बसेना. मग एक हात पुढे आला, दार बाहेर लोटलं गेलं आणि मुली एकेक करून अंगणात आल्या. धावत नव्हत्या. कुणी झोपेच्या कपड्यांत, कुणी ओला टॉवेल तोंडाशी धरलेली. काही रात्रपाळी करून सकाळी सातला झोपलेल्या, काही दुपारी दोनच्या पाळीच्या. बदामाच्या झाडाखाली जाऊन त्या सिमेंटवरच बसल्या, आणि त्यांच्यामागून दारातून जळक्या तेलाचा वास बाहेर आला.

रोहाया दाराशी उभी राहून मोजत होती. ती कारखान्याच्या या वसतिगृहाची वॉर्डन. वयानं मोठी, म्हणून मुली तिला कक रोहाया म्हणत, आणि कदिरही ककच म्हणायचा.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "आणि एक इस्पितळात. बेचाळीस."

"कक, वीज किती वाजता गेली?"

"नऊला. मी बाजारात होते. परत येऊन बघते तर धूर. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी मासे तळत होतं, वीज गेल्यावर अंधारात कढई कलंडली. आग ह्या पोरींनीच ओली पांघरुणं टाकून विझवली, पण धूर जिन्यात भरला. मी बाहेरून कार्ड लावलं, दिवाच लागेना. आतून मुलींनी बटण दाबलं, काही नाही. हिरवी पेटी दाबली, तरी काही नाही. धोक्याची घंटा मात्र ठणाणा वाजत होती."

"हिरवी पेटी दाबली?"

"सगळ्यांनी दाबली."

"मग दार उघडायला पाहिजे."

"ते मला नको सांगूस," रोहाया म्हणाली. "दाराला सांग."

कदिर अंगणाकडे वळला. अंगणाच्या कोपऱ्यात मोटारसायकली ठेवायच्या पत्र्याच्या छपराला मोठा खड्डा पडला होता. त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, न्हाणीघराची एकच खिडकी बिनगजांची होती. खाली पत्र्याजवळ एक रबरी चप्पल उलटी पडली होती.

रोहायानं त्याची नजर पाहिली. "युस्तिना. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरनं उचलून नेली. पाय तर मोडलाच आहे. कमरेचं अजून काही सांगत नाहीत."

"अग्निशमनवाले?"

"मॅनेजर मिस्टर येप म्हणाले, आग विझली ना, मग त्यांना कशाला बोलवायचं. कदिरला पाठवतो म्हणाले. कंट्रोल पेटीची चावी त्यांच्याकडे आणि तुझ्याकडे. मी काय, नखानं उघडणार होते?"

कदिरचा संताप बटरवर्थहून निघाल्यापासूनच चढत आला होता. जुरूच्या टोलनाक्यावर रांगेत अडकला तेव्हा त्यानं हॉर्नवरचा हात काढला नव्हता. सव्वीस वर्षं तो हाच धंदा करत होता. आपोआप उघडणारी फाटकं, सरकती काचेची दारं, कार्डाची कुलपं. गिऱ्हाईक सोनार असो की शाळेचा मुख्याध्यापक, कदिर प्रत्येकाला आधी एक व्याख्यान द्यायचा: वीज गेली, घंटा वाजली, की दार सुटलं पाहिजे. चोर आत शिरला तर सामान जातं, माणूस आत अडकला तर माणूस जातो. लोक कंटाळून म्हणायचे, बरं बाबा, तू सांगशील तसं. कुलूपवाल्यांच्या संघटनेच्या वर्गात नव्या मंडळींना हे शिकवायलाही त्यालाच बोलवत. तिथंही तो टेबलावर मूठ आपटून हेच सांगायचा.

त्यानं मीटर काढला आणि कामाला लागला.

दाराशेजारची हिरवी पेटी त्यानं आधी उघडली. तळहाताएवढी प्लास्टिकची पेटी, मधे पांढरी पट्टी, तिच्यावर मलय आणि इंग्रजी भाषेत छापलेलं: आणीबाणीत इथं दाबा. पट्टी आत दबलेलीच होती. कडेला बोटांचे काजळीचे डाग होते आणि एका कोपऱ्यात सुकलेलं रक्त. त्यानं मीटरच्या सुया लावल्या. पेटी धडधाकट होती. दाबल्यावर जोड तुटत होता, पट्टी वर आली की जुळत होता. मग त्यानं घंटेकडून येणारी तार तपासली. तीही ठीक. घंटा वाजली तेव्हा तिनं आपलं काम चोख केलं होतं.

दोन्ही बाजूंनी दाराला सुटायचा हुकूम गेला होता. तो चुंबकापर्यंत पोहोचला नव्हता.

कदिर पुन्हा वॉर्डनच्या खोलीत आला, कंट्रोल पेटीसमोर गुडघ्यांवर बसला आणि कपाळाला टॉर्च लावून तारांचा गुंता बाजूला करू लागला. मुंग्यांनी आत वारूळ केलं होतं. ते त्यानं फुंकून काढलं. त्याच्या मागे, सगळ्यात खाली, त्याला ती दिसली. वीतभर पांढरी तार. तार कसायच्या एका खिट्टीतून निघालेली, दुसऱ्या खिट्टीत शिरलेली. वीज हिरव्या पेटीकडे जाते, घंटेच्या जोडाकडे जाते, तिथून चुंबकाकडे येते, असा रस्ता होता. त्या तारेनं दोन्ही ठिकाणं टाळून वीज थेट चुंबकाला नेली होती. हिरवी पेटी कितीही दाबा, घंटा कितीही वाजो, दाराला पत्ताच लागणार नव्हता. वर बॅटरी चांगली भरलेली. ती संध्याकाळपर्यंत दार धरून बसली असती.

बाहेर जायचं साधं बटण का चाललं नाही, ते त्याला केव्हाच कळलं होतं. वीज जाताना झटका बसून कार्ड आणि बटण सांभाळणारा कंट्रोलर अडकला होता. असं होतं. महिन्यातून चार ठिकाणी होतं. त्यासाठीच तर ती हिरवी पेटी असते.

"गाढव," तो मोठ्यानं म्हणाला. मग त्याला आवरेना. "कुठल्या गाढवाच्या पिलानं हे केलंय? कक, इकडे या. बघा. ही तार दिसते? ही तार इथं घालणाऱ्याला त्याच जिन्यात उभा करून धूर सोडायला पाहिजे. ह्याला कुणी शिकवलं? ह्याच्या हातात पक्कड कुणी दिली?"

"कुणी केलं?"

"मधे दुसरा कुणी आला होता का दुरुस्तीला?"

"मला कसं ठाऊक? मी गेल्या रमजाननंतर आले इथं."

"कुणीतरी येऊन गेलाय. हरामखोर. माणसं कोंडून ठेवायची तर भिंत बांधा ना, दार कशाला ठेवता?"

त्याचा आवाज अंगणापर्यंत गेला होता. खिडकीच्या गजांपलीकडे एक मुलगी येऊन उभी राहिली होती. बुटकी, रुंद खांद्यांची, केस विस्कटलेले. उजव्या हाताला तिनं कुणाचा तरी रुमाल गुंडाळला होता.

"अंकल," ती म्हणाली, "हे बिघडलं होतं की कुणी बिघडवलं होतं?"

"बिघडवलं होतं," कदिर म्हणाला. "मुद्दाम."

"मी चार वेळा दाबलं. लिहिलंय ना त्यावर दाबा म्हणून. मी युस्तिनाला म्हटलं, थांब, आता उघडेल. ती थांबली. मग म्हणाली, मार्सेलिना, हे उघडत नाही. आणि वर गेली."

"तुझी कोण ती?"

"आमचं गाव एक. फ्लोरेस बेटावर. तिच्या आईनं तिला माझ्याबरोबर पाठवलंय."

"त्या गाढवाला मी सोडणार नाही," कदिर म्हणाला. त्या क्षणी तो ते अगदी मनापासून बोलला.

त्यानं पक्कड घेतली आणि बॅटरीकडून येणारी सुटी लाल तार आधी बांधून ठेवावी म्हणून टेपचा तुकडा फाडला. तारेच्या उघड्या टोकाला तो गुंडाळला, आणि शेवटी टेपचं टोक स्वतःवरच दुमडून त्याची बारीकशी शेपटी बाहेर ठेवली. पुन्हा उघडायची वेळ आली तर नखानं खरवडावं लागू नये म्हणून. पेनांगला ज्या म्हाताऱ्या चिनी उस्तादाकडे तो शिकला, त्याची ही पद्धत. त्या उस्तादाचा दुसरा चेला कुणी आता धंद्यात उरला नव्हता.

मग त्यानं पांढऱ्या तारेचं वरचं टोक पकडलं. तिथंही टेप होता. निळा, धुळीनं करडा झालेला. त्याचं टोक दुमडलेलं होतं, आणि बारीकशी शेपटी बाहेर होती.

कदिरनं पक्कड खाली ठेवली. टॉर्चचा उजेड त्या शेपटीवर पडला होता. त्यानं खालचं टोक पाहिलं. तिथंही शेपटी.

"काय झालं?" रोहायानं विचारलं. "इतका वेळ तोंडाचा पट्टा चालू होता."

"काही नाही," तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वीची दीपावळी. सणाच्या आदल्या दिवशी पाच ठिकाणची कामं. हे पाचवं. मुली रात्री हिरवी पेटी दाबून बाहेर जातात, दार रात्रभर उघडं राहतं, शेजारचे गोदामवाले तक्रार करतात, असं येप म्हणाला होता. जोडणीत फरक करून वेगळा गजर बसवावा लागेल, कदिर म्हणाला होता, त्याचा सुटा भाग मागवावा लागेल. तोपर्यंत काहीतरी कर, येप म्हणाला होता. हे बरोबर नाही, असं कदिर एकदा म्हणाला होता. एकदाच. घरून बायकोचा फोन येत होता, मुरुक्कूच्या चकल्यांचं पीठ मळून झालं होतं, तेल संपलं होतं. दोन दिवसांत येऊन नीट करतो, असं म्हणून त्यानं तार घातली. दोन दिवसांनी येपनं फोन केला नाही. कदिरनंही केला नाही. गेल्या वर्षी बॅटरी बदलायला तो याच पेटीत हात घालून गेला होता.

अकराच्या सुमारास वीज आली. पंखा फिरू लागला. थोड्याच वेळात फाटकाशी गाडी थांबली आणि मिस्टर येप आला. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. अंगणातल्या मुलींकडे न बघता तो सरळ वॉर्डनच्या खोलीत शिरला. रोहायाला म्हणाला, "कक, जरा चहा." ती बाहेर गेल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

"झालं का?"

"कंट्रोलर अडकला होता."

"मग तेवढा सोडव आणि नीघ. दोनच्या पाळीची बस येईल." येपनं पेटीत डोकावून पाहिलं. "आणि ती तार आहे तिथं राहू दे."

कदिर उभा राहिला. "बॉस, एक पोरगी वरून पडलीय."

"मला सांगायची गरज नाही. मी आत्ता इस्पितळातूनच येतोय. कंपनी तिचं सगळं करेल. पण आज तार काढलीस तर उद्या कुणी विचारेल, काल का होती. मग काय सांगशील?"

"तुम्ही घालायला लावलीत म्हणून सांगेन."

"सांग ना." येपचा आवाज चढला नाही. "मी काय म्हणालो होतो? काहीतरी कर. तार घाल असं मला म्हणताही आलं नसतं, मला तारेतलं काही कळत नाही. वहीत सही कुणाची आहे? लायसन्स कुणाचं आहे? मी तुझ्या भल्याचं बोलतोय, कदिर. तुझ्याकडे सव्वीस वर्षांचं नाव आहे. चार दिवस जाऊ दे, मग गुपचूप येऊन काढ."

कदिरला त्याची कॉलर धरायची होती. त्या माणसाला भिंतीला लावून विचारायचं होतं, त्या न्हाणीघराच्या खिडकीत तू कधी उभा राहून पाहिलंस का. शब्द तोंडाशी आले आणि तिथंच अडकले, कारण त्यातला प्रत्येक शब्द परत फिरून त्याच्याकडेच येत होता. तासाभरापूर्वी किती सोपं होतं ओरडणं. त्यानं येपकडे पाहिलं, आणि त्याला येपपेक्षा जास्त राग आला तो येपच्या खरं बोलण्याचा.

"बाजूला व्हा," तो म्हणाला.

"नीट विचार कर."

"बाजूला व्हा बॉस, उजेड अडतोय."

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. टेपची शेपटी ओढल्याबरोबर टेप सहज सुटला. त्यानं दोन्ही खिट्ट्यांचे स्क्रू सैल केले, पांढरी तार काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. बॅटरी जोडली. कंट्रोलरवरचं बारीक बटण टाचणीनं दाबून दहापर्यंत आकडे मोजले. लाल दिवा लुकलुकला, विझला, आणि हिरवा लागला. रोहायाचं कार्ड दाखवून पाहिलं, चाललं. बाहेर जायचं बटण चाललं. मग त्यानं घंटेची चाचणी घेतली. घंटा वाजली आणि दार सुटलं. अंगणातल्या मुली दचकून उभ्या राहिल्या.

येप फोन कानाला लावून फाटकाकडे गेला होता.

कदिरनं कामाच्या कागदांची वही काढली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं. काय सापडलं, काय काढलं. खाली 'कुणी बसवलं होतं' असा रकाना नव्हता. त्यानं समासात लिहिलं: वरील तार दोन वर्षांपूर्वी मीच बसवली होती. नाव, लायसन्सचा नंबर, सही. कार्बनखालून तीन प्रती निघाल्या.

मार्सेलिना झाडाखालून उठून आली. तिच्यामागे आणखी दोघी.

"कळलं का अंकल, गाढव कोण ते?"

ती त्याचाच शब्द वापरत होती. चेष्टा नव्हती त्यात.

"कळलं."

"कोण?"

"मी."

तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं मागच्या दोघींकडे पाहिलं. मग त्यानं एक प्रत तिच्यापुढे धरली. ती तिनं डाव्या हातानं घेतली, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली, समासातलं पुन्हा वाचलं.

"तुम्ही ओरडत होता," ती म्हणाली.

"हो."

"इतका वेळ ओरडत होता."

"तेव्हा मला आठवलं नव्हतं."

"आठवलं नव्हतं," ती म्हणाली. तिनं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. "युस्तिनाला मी काय सांगू? त्या अंकलना आठवलं नाही म्हणून सांगू?"

माफी मागावी असं कदिरला वाटलं, पण ते शब्द इतके हलके होते की तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

"हा कागद अग्निशमनवाल्यांना दाखव," तो खिशातून फोन काढत म्हणाला. "मी त्यांना फोन करतो. इथंच थांबतो ते येईपर्यंत."

मार्सेलिना झाडाखाली परत गेली. तिनं त्यांच्या भाषेत सगळ्यांना काहीतरी सांगितलं. एकेचाळीस तोंडं कदिरकडे वळली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. रोहाया चहाचे दोन पेले घेऊन आली होती. ती तिथंच थबकली, ऐकत राहिली, आणि पेले पायरीवर ठेवून मुलींच्यात जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं मार्सेलिना पुन्हा समोर आली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"आता उघडतं ते. तुमच्या कागदावर नाही. आम्हाला दाखवा."

दार लावून घेतलं गेलं. सगळ्या मुली आत, जिन्यापासून दारापर्यंत रांगेत. भिंतींवर धुराचे काळे पट्टे होते, फरशी ओली होती. कदिर हिरव्या पेटीशेजारी उभा राहिला. पहिल्या मुलीनं अंगठ्यानं पट्टी दाबली. टक्. दार सुटलं. तिनं ते हातानं ढकलून पूर्ण उघडलं, बाहेर एक पाऊल टाकलं, उन्हात उभी राहिली, आणि आत आली. कदिरनं पेटीच्या खालच्या भोकात प्लास्टिकची चावी घालून फिरवली. पट्टी वर आली. दार लागलं, चुंबकानं धरलं.

"पुढची," मार्सेलिना म्हणाली.

दुसरी आली. तिसरी. कुणी भीत भीत एका बोटानं दाबायची, कुणी मुठीनं. एकीनं दाबल्यावर डोळे मिटून घेतले आणि आवाज आल्यावरच उघडले. एकजण दार उघडल्यावर रडायला लागली, आणि तिला कुणी जवळ घेतलं नाही, कारण रांग पुढे सरकत होती. प्रत्येकीनंतर कदिर वाकून चावी फिरवत होता. कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं, त्याच्याशी बोलत नव्हतं. विसाव्या वेळी त्याची पाठ भरून आली. तिसाव्या वेळी मनगट. बाहेर दोनच्या पाळीची बस येऊन उभी राहिली, तिनं दोनदा हॉर्न वाजवला. येप फाटकातून आत आला, दारापर्यंत आला, आणि ते पुन्हा त्याच्या तोंडावर लागलं तेव्हा बाहेरच थांबला. रांगेतली एकही मुलगी हलली नाही. रोहायाही रांगेत होती. तिनं दाबलं, बाहेर जाऊन आली, आणि कदिरच्या शेजारून जाताना पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल घट्ट केला.

शेवटी मार्सेलिना राहिली. तिनं उजव्या हाताचा रुमाल सोडला, अंगठा पट्टीवर ठेवला आणि दाबला. टक्. ती दाराबाहेर गेली, तिनं उघड्या दाराकडे, मग पत्र्यावरच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग आत आली.

कदिरनं चावी फिरवली. दार लागलं. झालं असं समजून तो सरळ झाला.

तिनं पुन्हा दाबलं.

दार सुटलं, आणि या वेळी ते कुणीच ढकललं नाही. बोटभर फटीतून उन्हाची एक रेघ ओल्या फरशीवर आली.

"हे युस्तिनाचं," मार्सेलिना म्हणाली.

कदिर वाकला. चावी भोकात गेली, पण त्याचा हात लगेच फिरेना. मार्सेलिना वाट पाहत उभी राहिली.